इंदिरानगर ते पंचवटी, व्हाया कोची

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी बायकोला कोचीला म्हणून घराबाहेर काढलं आणि पंचवटीत उतरवलं. आमचं घर इंदिरानगरला. म्हणजे निघालो ते नाशकातून आणि पोचलो तेही नाशकातच. कोची केरळात आहे हे मला माहीत होतं. (चूक भूगोलाची नव्हती, एवढं तरी नोंदवून ठेवतो.)

झालं असं. मनीषाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, पंचवीस वर्षांत माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. (मागितलं असेलही. मी तेव्हा पेपर वाचत असेन.) पण या खेपेला तिने मला समोर बसवून सांगितलं.

"मला दागिना नको, साडी नको. येवल्याची आहे मी, साड्या बघून बघून डोळे दमलेत. मला फक्त एक सकाळ पाहिजे. मी झोपलेली असणार. दार वाजणार. कुणीतरी ट्रेमधून चहा आणणार. आणि तो मी केलेला नसणार. बस!"

"एवढंच? मग त्यासाठी बाहेर कशाला? घरीच..."

"घरी कोण आणणार?"

या प्रश्नानंतर खोलीत मी एकटाच पुरुष होतो, हे माझ्या लक्षात आलं. मी घाईघाईने म्हणालो, "आपण कोचीला जाऊ!"

आता माझा धंदा सांगायला हवा. अंबडच्या एका कारखान्यात मी व्हॉल्व्ह तपासायला आहे. कुठलीही वस्तू तीनदा तपासल्याशिवाय पुढे सोडायची नाही, ही माझी सवय. कोचीतलं स्वस्त हॉटेल म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे, हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. मी वही केली. वहीत रकाने पाडले. पाणी, पंखा, गादी, डास, चहा. आणि लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायला बसलो. एका हॉटेलाबद्दल लिहिलं होतं, "खोली स्वच्छ, पण पंखा रडतो." दुसऱ्याबद्दल, "सगळं उत्तम. पुन्हा येणार नाही." हे वाचून मी दोन दिवस बेचैन होतो. सगळं उत्तम, तर मग पुन्हा का येणार नाही? काय झालं असेल त्या माणसाचं?

एका हॉटेलाला तर मी थेट फोन लावला. "गरम पानी चोबीस घंटे है क्या?"

पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, इधर गरम पानी ही है. ठंडा चाहिए तो बताना."

असं करत करत मी तीन हॉटेलं अंतिम फेरीत आणली. खोली पक्की झाल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढायचं नाही, हा माझा नियम. त्या नियमाने अडीच महिने खाल्ले. शेवटी तिकीट काढायला गेलो, तर आमच्यापुढे वेटिंगला जेवढी माणसं होती तेवढी आमच्या लग्नाला नव्हती! विमानाचे दर पाहिले आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

घरात मात्र कोचीचा डंका वाजून गेला होता. समोरच्या खैरनार वहिनींनी केळ्याच्या वेफर्सची आणि खोबरेल तेलाची ऑर्डरसुद्धा दिली होती. अशा वेळी शहाणा माणूस खरं सांगतो. मी म्हणालो, "मनीषा, रेल्वेचं जमत नाहीये. पण मी दुसरी सोय केलीय. सरप्राइज आहे!"

"विमान?" तिचे डोळे असे काही चमकले, की मी नुसता हसलो. हसण्याचा अर्थ ज्याने त्याने आपापला काढावा.

दुसरी सोय म्हणजे पंचवटीतलं एक नवं, स्वस्त हॉटेल. मोबाइलवर लिहिलं होतं, "एसी रूम. सकाळचा चहा खोलीत." मी स्वतःला पटवलं, की मूळ मागणी चहाची होती. कोची ही माझी पदरची भर. तेवढी कापली की हिशेब चोख!

तरी जीव स्वस्थ बसू देईना. त्या आठवड्यात तीनदा स्कूटरवरून जाऊन हॉटेल बाहेरून पाहून आलो. समोर उभं राहून खिडक्या मोजल्या. त्या हॉटेलाचे सगळे अभिप्राय वाचले. एकाने लिहिलं होतं, "बादली गळते." मी घरची निळी बादली धुऊन पुसून बॅगेशेजारी ठेवली.

"विमानात बादली?" मनीषाने विचारलं.

"असू दे गं. हातातलं सामान म्हणून चालते."

निघायच्या दिवशी सकाळी अकराला अर्धी सोसायटी गेटवर जमली. खैरनार वहिनींनी हातावर दही-साखर घातली. "भाऊजी, वेफर्स विसरायचे नाहीत हं! आणि पोचल्यावर समुद्राचा फोटो टाका!" मी मान डोलावली. रिक्षावाल्याच्या कानात पत्ता सांगितला. मनीषा, मी, एक बॅग आणि एक बादली असे आम्ही कोचीला निघालो.

द्वारका गेलं, गोदावरीचा पूल गेला. इथून सरळ गेलं की ओझरचं विमानतळ. आडगाव नाक्याला रिक्षा डावीकडे वळली.

"अहो, हा चुकला! ओझर सरळ आहे."

"नाही चुकला," मी बाहेर बघत म्हणालो.

पुढच्या तीन मिनिटांत मी सगळं सांगून टाकलं. वेटिंग, विमानाचे दर, मोबाइल पालथा. मनीषाने बादली उचलून माझ्या मांडीवर ठेवली. भाजीबाजारातल्या गर्दीत रिक्षा अडकली. रिक्षावाल्याला राहवेना. तो आरशात बघत म्हणाला, "काका, परत फिरवू का? अजून टाइम हाय."

शेवटी मनीषाने एकच प्रश्न विचारला. "चहा देतात ना?"

"देतात! दार वाजवून देतात! चार जणांनी लिहिलंय!"

"मग चला."

काउंटरवरचा मॅनेजर चाळिशीचा, कपाळाला गंध लावलेला. त्याने आमच्याकडे, बॅगेकडे आणि बादलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दशक्रिया आहे का काका? की अस्थी?"

"लग्नाचा वाढदिवस आहे!"

"अच्छा, अच्छा," तो म्हणाला. सुतकी चेहरा उतरवायला त्याला जरा वेळ लागला. "आधार कार्ड द्या दोघांचं."

मी माझं दिलं. त्याने पाहिलं आणि परत सरकवलं. "लोकल आयडी चालत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाशकातल्या माणसाला रूम देत नाही आम्ही. बुकिंगच्या खाली लिहिलेलं असतं."

मी मोबाइल काढला. लिहिलं होतं! बादली गळते, उशी पातळ आहे, जिन्यात मांजर असते, हे सगळं मी वाचलं होतं. मांजराचा रंगही सांगू शकलो असतो. तेवढी एक ओळ सोडली होती.

"पण का नाही चालत?"

"काका, स्वतःचं घर गावात असताना माणूस हॉटेलात कशाला येतो? मी काही म्हणत नाही. पण चौकशी करणारे म्हणतात." असं म्हणून त्याने मनीषाकडे पाहिलं.

"अहो, बायको आहे माझी! पंचवीस वर्षांची!" (गडबडीत वाक्य असं बाहेर पडलं. मनीषाचं वय लक्षात घेता ते मॅनेजरला आणखीच संशयास्पद वाटलं असणार.)

"मॅडमचं कार्ड?"

आणि इथे माझा दुसरा, जुना गाढवपणा पुढे आला. मनीषाचं आधार कार्ड तिच्या वडिलांनी हौसेने येवल्यालाच काढून घेतलं होतं, ती माहेरी गेलेली असताना. नाव माहेरचं, पत्ता माहेरचा. ते बदलून आणायचं काम माझ्याकडे होतं. ते मी दर वर्षी पुढच्या महिन्यात करणार होतो. माझ्या कार्डावर शिरसाठ, तिच्या कार्डावर वाघ. (माहेरचं आडनाव. मी याबद्दल अधिक लिहिणार नाही.)

मॅनेजरने दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. "आडनाव वेगळं. पत्ता वेगळा. गाव वेगळं." मग माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "थांबा, थांबा! परवा समोर स्कूटर लावून आमच्या खिडक्या मोजणारे तुम्हीच ना?"

"तो... मी पाहणी करत होतो."

"कसली पाहणी?"

"अहो, काय हे!" मनीषा उसळली. "खिडक्या मोजल्या? घरातल्या खिडकीची काच दोन वर्षं फुटलीय, ती दिसत नाही तुम्हाला! आधी कोची म्हणालात, मग सरप्राइज म्हणालात, ती बादली घ्यायला लावलीत, लोकांसमोर माझं हसं केलंत. कार्ड बदलून आणा म्हणून मी किती वर्षं घसा कोरडा करतेय?"

"अगं, हळू बोल, लोक बघताहेत..."

"बघू देत! तुम्ही नाही का खिडक्या बघितल्या त्यांच्या!"

मॅनेजरने हात वर केला. त्याचा चेहरा एकदम निवळला होता. "राहू द्या मॅडम. नवरा-बायको आहात, पटलं मला."

मी सुस्कारा टाकला. तो जरा लवकर टाकला.

"मॅडम येवल्याच्या. बाहेरगावच्या. त्यांना रूम मिळेल. तुम्हाला नाही मिळणार, काका. तुम्ही लोकल."

मी मनीषाकडे पाहिलं. आता ही म्हणणार, 'यांच्याशिवाय मी राहणार नाही, चला घरी.' पंचवीस वर्षांचा संसार आहे, साहेब! मनीषाने मॅनेजरला विचारलं, "सकाळी चहा किती वाजता?"

"सात. खोलीत."

"द्या किल्ली." तीनशे चारची किल्ली आणि बॅग उचलून ती लिफ्टकडे गेली. दार बंद होता होता म्हणाली, "बादली घेऊन जा."

वर गेलेल्या बॅगेत माझे कपडे, दाढीचं सामान आणि मोबाइल वाचून आत टाकलेला जवळचा चष्मा. हातात बादली. दीड वाजता मी सोसायटीच्या मागच्या गेटने आत शिरलो. खैरनार वहिनी नेमक्या तिथेच गाडीवाल्याकडून कांदे घेत होत्या.

"अगंबाई! भाऊजी! झाली कोची?"

"नाही... म्हणजे... मनीषा हॉटेलात आहे."

"आणि तुम्ही?"

"मला घेतलं नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग बादलीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जी दया दाटून आली, ती मी आयुष्यभर विसरणार नाही. कांदे तसेच टाकून त्या वर धावल्या. तासाभरात सोसायटीत बातमी फिरली, की शिरसाठांच्या मिसेस विमानतळावरूनच निघून गेल्या आणि एका हॉटेलात राहताहेत. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे सहा डबे आले. त्यातल्या चारांत वांग्याचं भरीत होतं. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन शेजारी बसले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होतं असं. तुम्ही फक्त माफी मागा. कशाबद्दल ते विचारू नका." मी खरं सांगायचा प्रयत्न केला. पण नवरा लोकल निघाला म्हणून हॉटेलने ठेवून घेतला नाही, हे कुणाला पटणार? ते जाताना आणखी हळहळले.

सात वाजता मी मनीषाला फोन लावला. "कशी आहेस?"

"दुपारी झोपले. तीन तास! कुणी हाक मारली नाही, कुणी रुमाल कुठे आहे म्हणून विचारलं नाही."

"चष्मा माझा..."

"बॅगेत आहे, सुखरूप. उद्या चहाच्या वेळी फोन करू नका हं. मी झोपलेली असणार."

मग मला भलतीच काळजी लागली. चहा नाही आला तर? दार वाजलंच नाही तर? तिने सगळं गिळलं होतं ते त्या एका कपासाठी! सकाळी पावणेसातला मी स्कूटर काढली आणि पंचवटी गाठली. काउंटरपाशी राजस्थानहून आलेल्या यात्रेकरूंची बस उतरली होती. मॅनेजर कार्डांच्या ढिगात बुडाला होता.

"काका, वर जाता येणार नाही. रूममध्ये व्हिजिटर चालत नाहीत."

"मला वर नाही जायचं. तीनशे चारला चहा गेला का, एवढंच सांगा."

त्याने कपाळाला हात लावला. "चहाच्या मावशी आज आल्याच नाहीत! टपरीवरून मागवलाय, हा बघा इथेच पडलाय. मला उठता येत नाही." मग त्याने माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. "तुम्ही देता का नेऊन? पण देऊन लगेच खाली यायचं. बसायचं नाही. आणि जिन्याने जा. लिफ्ट गेस्टसाठी आहे."

तिसरा मजला. जिन्यात ते मांजर होतं. (पांढरं, एक कान काळा. वहीत नोंद आहे.) हातात स्टीलचा ट्रे, त्यात कप, कपावर बशी. जवळचा चष्मा नसल्याने पायऱ्या धूसर दिसत होत्या. प्रत्येक पायरीला थोडा थोडा चहा ट्रेमध्ये उतरत होता. तीनशे चारसमोर उभा राहून मी श्वास घेतला आणि दार वाजवलं.

"कोण?" आतून झोपाळू आवाज आला. असा निवांत आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"चहा!" मी म्हणालो.

दार उघडलं. केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले. तिने आधी ट्रे पाहिला, मग ट्रेमागचा माणूस पाहिला. बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. माझ्या डोळ्यांत तर आलंच होतं. तिने बशी बाजूला केली, कप उचलला, एक घोट घेतला आणि कप परत ट्रेमध्ये ठेवला.

"पंचवीस वर्षांनी आणलात, तोही दुसऱ्याने केलेला, आणि वर गार! जा, बदलून आणा."