एलेनीचा रांजण

शिरगावात बकुळाबाईंना सगळे ‘सायप्रसवाली’ म्हणतात. सायप्रस कुठे, असं विचाराल तर निम्मी आळी दुबईकडे बोट दाखवेल. तिथे बाईने दिवस कसे काढले, हे विचारायला मात्र कुणाची जीभ उचलली नाही.

नवरा अकाली गेला तेव्हा अक्षदा चौथीत होती. तिला बुवापाड्याला बहिणीकडे, पद्मजाकडे ठेवून बकुळाबाई एका म्हाताऱ्याची सेवा करायला त्या बेटावर गेल्या. पोटासाठी पोटचं पोर मागे ठेवलं, हे दुःख त्यांनी कधी लपवलं नाही. फोनवर पोरगी सांगे, मावशी कामावर असली तरी मला एकटं वाटत नाही, एक ताई येऊन बसते. शेजारची कुणी असेल, देव तिचं भलं करो, म्हणत बकुळाबाई डोळे पुसत.

म्हाताऱ्याचं नाव स्तेलिओस. डोंगरउतारावर त्याचे द्राक्षमळे, घराखाली तळघर, आणि त्यात जमिनीत अर्धे पुरलेले मातीचे रांजण. द्राक्षं उन्हात पसरून पार सुकत आणायची, मग त्यांचा रस काढायचा, ही तिथली हजारो वर्षांची रीत. म्हातारा सांगे, लढाईला आलेले परदेशी सरदार या वाइनच्या नादाने इथेच जमिनी धरून बसले. सगळ्या युरोपातले मळे रोगाने गेले तेव्हाही हे बेट वाचलं. मग बंदरावरच्या कंपन्यांचे ट्रक द्राक्षं न्यायला येऊ लागले, आणि आता त्याचेच पुतणे स्टीलच्या टाक्या लावून पर्यटकांना घोट घोट चाखायला देत होते. जुने रांजण रिकामे पडले होते. एक सोडून.

तो एलेनीचा. लेक जन्मली की वाइनने रांजण भरून तोंड लिंपायचं, तिच्या लग्नात उघडायचं, आणि पहिला घोट नवरीने घ्यायचा, अशी तिथली चाल. म्हाताऱ्याची ही लेक लग्नाआधीच तापाने गेली. रांजण तसाच राहिला. त्याच्याजवळ गेलं की मनुकांचा दाट वास यायचा.

म्हातारा बकुळाबाईंना रोज खाली धाडून त्या रांजणावर बोटाने वाजवायला लावी. संध्याकाळी भरल्या घागरीसारखा बद्द आवाज यायचा. सकाळी मात्र तोच रांजण, तोंड तसंच लिंपलेलं, आणि आवाज रिकाम्या भांड्याचा. वर येऊन सांगितलं की म्हातारा नुसती मान हलवी. या वेळी ती घरात नसते, म्हणे, कुठे जाते कुणास ठाऊक. बकुळाबाईंच्या अंगावर काटा यायचा. पण नोकरी होती, दुसऱ्या दिवशी पुन्हा जिना उतरावाच लागे.

मरण्याआधी त्याने रांजण उघडायला लावला आणि एक बाटली भरून, बुचावर मेण लावून त्यांच्या हाती दिली.

“तुझ्या मुलीच्या लग्नाला,” तो म्हणाला. “एलेनीपण येईल.”

मरणाऱ्याला नाही म्हणवत नाही. बकुळाबाईंनी शब्द दिला आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. लग्नाविना मेलेल्या पोरीच्या वाट्याची वाइन आपल्या लेकीच्या ओठी लावायची? आणि ती एकदा आली, की जाताना एकटीच जाईल कशावरून?

अक्षदाच्या हळदीचा दिवस उजाडला. मांडवात पाहुणे आणि दारू दोन्ही वेळेआधी पोचले होते, हळदच काय ती वाटायची राहिली होती. बकुळाबाईंनी ठरवलं, शब्द मोडायचा, वाइन ओतून द्यायची, पाप लागलं तर आपल्याला लागो. मागच्या मोरीशी बसून त्यांनी मेण खरवडलं, बूच ओढलं. मनुकांचा वास घरभर झाला.

पाटावर बसायला निघालेली अक्षदा पिवळ्या साडीत तशीच मागे आली.

“आई, ताई आलीय काय?”

“कोण ताई?”

“बुवापाड्याची गं. मी शाळेतून आले की मावशी येईपर्यंत माझ्याजवळ बसायची ती. बोलायची नाय काय. पण हाच वास यायचा तिला.” अक्षदा दाराआड बघून आली. “तू परत आलीस, तेव्हापासून नाय आली.”

बकुळाबाईंनी बाटली खाली ठेवली. अक्षदाची शाळा दुपारी सुटायची. बुवापाड्यात दुपार, तेव्हा त्या बेटावर सकाळ. बकुळाबाई एलेनीच्या बापाला भरवत होत्या, तेव्हा एलेनी त्यांच्या लेकीजवळ बसली होती. इतकी वर्षं जिला भ्याल्या तिच्यासाठी बकुळाबाई मोरीशी बसून रडल्या.

बाटली ओतली गेली नाही. पहिला घोट अक्षदाने घेतला. मग बकुळाबाईंनी नवरीच्या पाटाला लागून दुसरा रिकामा पाट मांडला आणि आधी त्याला हळद लावली. हा कुणाचा, असं पद्मजाने घाबरून विचारलं.

“थोरलीचा,” बकुळाबाई म्हणाल्या.