उत्तरेश्वरचा समुद्र

तीस वर्षं विहिरी खोदणारा उत्तरेश्वर पाटोद्याच्या कॉलेजात वर्षाराणी मॅडमच्या टेबलासमोर मटकन खालीच बसला.

काळ्या खडकाखाली साठ फुटांवर कधी मऊ थर लागायचा आणि त्यात नखाएवढे दगडी शंख निघायचे. सोबतचे गडी ते फेकून द्यायचे. हा मात्र धुऊन डब्यात जपायचा आणि चहाच्या टपरीवर छातीठोक सांगायचा, "आपल्या गावाखाली समुद्र व्हता." कुणी हसलं, की चार दिवस त्याच्याशी बोलायचा नाही.

लोकांनी आणलेले असे दगड मॅडम ओळखून देतात, म्हणून आज त्यानं डबा त्यांच्यापुढं उपडा केला होता. भिंगाखाली एकेक शंख फिरवून त्या म्हणाल्या, "मामा, या तळ्यातल्या गोगलगायी आहेत. इथं समुद्र नव्हता, गोड्या पाण्याचं तळं होतं. त्यावर लाव्हा पसरला, तोच तुमचा काळा खडक."

समुद्र गेल्याचं त्याला काहीच वाटलं नाही. त्याला खाली बसवलं होतं ते दुसऱ्याच शब्दानं.

"ताई, परत एकदा नीट बघा," तो खालूनच म्हणाला. "गोडं पाणी? आमच्या गावात? आमाला संक्रांतीपासून टँकर चालू हाय."