रुईसंग लागलेलं लगन

त्या खटल्याची आठवण शेवटची निघाली ती तुरीच्या शेंगा सोलताना. ओट्यावर दोघंच होतो. बायको हसून म्हणाली, "ते रुईवाली कुठं असंल हो आता?" त्याच हप्त्यात बायको वारली. आता ती गोष्ट मलाच सांगावी लागते.

अमेरिकेत लढाई पेटली होती अन् कापसाला सोन्याचा भाव आला होता. मी अमरावतीच्या ठाण्यात जमादार होतो. बाजारात गाड्यांची रीघ. कोण कुठला, काही पत्ता लागत नसे. अशात एका खबऱ्यानं टीप दिली, "आमच्या गावचा दरोडेखोर बाजारात हाय. त्याची बायको मी वळखली." एवढं सांगून तो गर्दीत दिसेनासा झाला.

वारंट मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या मुलखातलं, लई वर्षांचं पडून होतं. हुलिया लिहिला होता: सावळा रंग, मध्यम बांधा, तोंडावर देवीचे वण. अशा हुलियात मीसुद्धा बसलो असतो.

शिपायांनी त्या बाईसंग असलेल्या गाडीवाल्याला धरून आणलं. तो एकच बोले, "तो मी न्हाई. तो मेला."

शिपाई म्हणाला, "समदेच मेलेले असतात इथं!" मग वारंटातलं नाव घेऊन त्यानं गाडीवाल्याच्या बायकोला विचारलं, "हाच का तो?" बाईनं पदर ओढला, मान खाली घातली. शिपायानं धरलं, नवऱ्याचं नाव ऐकून लाजली, म्हणजे होच. साहेबांनी हुकूम केला, आरोपी मोगलाईत पाठवा. तिकडे गेलेला माणूस लवकर परतत नसे.

बाई ठाण्याच्या दारात बसून राहिली. पोटुशी होती. माझ्या बायकोनं तिला घरी नेलं, भाकर वाढली. मी आत पाणी प्यायला गेलो तर दोघींचं बोलणं चाललं होतं.

"लगन कुठं झालं व तुयं?"

"कोनतं? पयलं का पाट?"

बायकोचा हात थांबला. "हा पाटाचा, दुसरा नवरा हाय?"

"हो ना माय. कुवारे होते ते. रांडमुंड बाई करायची तं आंधी रुईसंग लगन लावा लागते. बांधावरच्या रुईच्या झुडपाले हयद लावली, मंग माया पाट लागला."

"म्हंजे रुई तुयी सवत!" बायको हसली. ती बाईही रडता रडता हसली.

मी पुढं झालो. "बाई, हे ठाण्यात काहून नाही सांगितलं?"

"इचारलं कोनं? तुमच्या शिपायानं मेलेल्याचं नाव घेतलं. माया तोंडून कोनतंच नाव निघत न्हाई, दादा."

साहेबांकडून मुदत मागून मी बाळापूरकडे तिच्या माहेरी गेलो. तिथल्या पाटलाचा जबाब घेतला. पहिला नवरा पळून सासुरवाडीला लपला होता, तिथंच हैज्याच्या साथीत मेला. तिरडीला खांदा देणारे भेटले. रुईला हळद लावणारा म्हातारा भेटला, तो तर मलाच रागावला, "एवढी साधी गोष्ट, मांडव नसला म्हनून का लगन न्हाई झालं?" साहेबांनी वारंटावर 'आरोपी मयत' असा शेरा मारून ते परत पाठवलं. गाडीवाला सुटला.

त्यानंतर गप्प बाईचा अर्थ मी कधी स्वतःच्या मनानं लावला नाही. बाई खोटं बोलते तेव्हा ओळखू येतं. गप्प बसते तेव्हा तिला नीट विचारावं लागतं, अन् विचारणारं माणूस बरोबर पाहिजे. ते माझ्या घरात होतं.

बायकोला जाळून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटील मयताची नोंद करायला आला.

"नाव?"

पोरगा सांगायला पुढं झाला. मी म्हटलं, "थांब, बापू."

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव मी कधी घेतलं नव्हतं. सारी उमर 'अवो' अन् 'इकडं ये' यातच गेली. मी उठून उभा राहिलो अन् तिचं नाव, बापाच्या नावासकट, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.