पत्र्याच्या शेडमधला आकाराम

आकाराम साळुंखे साताऱ्यात गोडोलीला राखणीच्या कामाला लागला, तेव्हा तिथं इमारत नव्हती, नुसते खड्डे होते. चौऱ्याण्णव सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. चार मजले, बारा बिऱ्हाडं आणि खाली गाड्यांना जागा असं चित्र रंगवलेला फलक रस्त्याकडेला उभा होता. त्या फलकामागंच आकारामची पत्र्याची शेड होती. तिच्यात एक खाट, एक रॉकेलचा स्टोव्ह आणि फौजेतून आणलेली हिरवी ट्रंक एवढाच त्याचा संसार.

तो पाटणकडचा. हवालदार होऊन पेन्शनीवर आला, त्यालाही पंधरा वर्षं होऊन गेली होती. गावात त्याचा भाऊ होता तोवर बरं चाललं होतं. भाऊ गेल्यावर पुतण्यांनी स्लॅबचं घर बांधलं आणि त्यात चुलत्याला एक खोलीही काढून दिली. पण आकाराम त्या खोलीत एक दिवस झोपला नाही. अंगणातल्या खोपटातच त्याची पथारी असायची. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं पोरांशी बिनसलंय.

बिनसलं काहीच नव्हतं. सदुसष्ट सालच्या भूकंपात त्याची बायको राहीबाई आणि दीड महिन्याची मुलगी घराच्या भिंतीखाली गेल्या होत्या. आकाराम तेव्हा जम्मूला होता. तार मिळून तो गावी पोचला, तोवर आठवडा उलटला होता. लोकांनी त्याला नदीकाठची जागा दाखवली आणि तो तिथं उभा राहून परत आला. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. जड छपराखाली पाठ टेकायची नाही, हे मात्र तेव्हापासून अंगवळणी पडलं. फौजेत तंबू होते, नाहीतर बराकीचा व्हरांडा असायचा. कुणी कारण विचारलं की तो म्हणे, "मला उकडतंय."

हे काम त्याला इंजिनियर जयराजनं दिलं होतं. जयराजचे वडील आकारामच्याच पलटणीत होते. राखण करायची आणि पाणी मारायचं. काँक्रीट ओतल्यावर पंधरा-वीस दिवस ओलं ठेवलं तरच ते घट्ट होतं. सहा, दहा, दोन आणि सहा या ठोक्याला आकाराम पाइप घेऊन हजर असायचा. होळीला गवंडी गावाला गेले, तेव्हा चार दिवस साइटवर तो एकटाच होता. त्या चार दिवसांत तो एक शब्दही बोलला नाही. पाचव्या दिवशी चहावाल्याकडं चहा मागताना आपलाच आवाज त्याला खरखरीत लागला.

चारुशीलाबाई पहिल्यांदा आल्या त्या एका रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला. पन्नाशीतल्या, शाळेत शिकवणाऱ्या. तिसऱ्या मजल्यावरचं एक घर त्यांच्या यजमानांनी ठरवलं होतं. पाया खणायला लागले त्याच महिन्यात यजमान हृदयविकारानं गेले. मुलगा मुकुल मस्कतला होता. बाई भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या आणि दर रविवारी चालत इथं यायच्या.

"तिसरा मजला कुठं येईल हो?" त्यांनी विचारलं.

त्या वेळी जमिनीवर फक्त कॉलमच्या सळ्या उभ्या होत्या. आकारामनं हात वर करून आभाळातली एक जागा दाखवली. "त्या घारीच्या खाली, बाई."

बाई बराच वेळ तिकडं बघत उभ्या राहिल्या.

एप्रिलमध्ये तळातल्या एका कॉलमच्या फळ्या काढल्या, तर बुडाला वीतभर खडी उघडी पडलेली. मसाला आत उतरलाच नव्हता. ठेकेदार नानासो गवंड्याला म्हणाला, "सिमेंट फासून टाक. प्लास्टर झाल्यावर कुणाला दिसतंय?"

आकाराम पाइप खाली ठेवून त्या कॉलमला पाठ लावून बसला.

"ऊठ की रं," नानासो म्हणाला.

"साहेबास्नी येऊ द्या."

"तुला राखणीला ठेवलाय. तू इंजिनेर न्हाईस."

"न्हाई. पर हितनं उठत न्हाई."

जयराज संध्याकाळी आला. तोवर आकाराम उन्हात तसाच बसून होता. जयराजनं खडीत बोट घालून बघितलं आणि कॉलम फोडायला लावला. दोन दिवसांचं काम वाया गेलं. त्यानंतर नानासो आकारामशी बोलेनासा झाला. गवंडीही जेवायला लांब सरकून बसू लागले. आकाराम शेडच्या सावलीत एकटा भाकरी खाई.

चारुशीलाबाईंच्या कानावर हे गेलं. रविवारी त्यांनी विचारलं, "तुम्ही कशाला वाईटपणा घेतलात?"

आकाराम नळ बंद करून आला. मग म्हणाला, "आमच्या घराची भिंत भाईरनं लय झ्याक दिसायची, बाई. लग्नाला चुना लावल्याला. आत निस्ती माती हुती." आणि मग, एवढ्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं त्यानं त्यांना सांगितलं. राहीबाईचं, मुलीचं, नदीकाठचं. बाई वाळूच्या ढिगाऱ्यावर बसून ऐकत होत्या. त्यांनी समजूत घातली नाही. जाताना एवढंच विचारलं, "मुलीचं नाव काय होतं?"

"ठेवायचं ऱ्हायलं हुतं. मी सुट्टीवर आल्यावर ठेवणार हुतो."

पावसाळा गेला, दुसरी दिवाळी गेली आणि मजले चढत गेले. शहाण्णवच्या मे महिन्यात बाईंची वास्तुशांत झाली. मुकुल येऊ शकला नाही. बाईंनी आकारामला मुद्दाम बोलावलं. तो धुतलेला सदरा घालून तिसऱ्या मजल्यावर गेला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. स्लॅबवर उभं राहून त्यानं वर्षभर पाणी मारलं होतं. स्लॅबखाली तो घटकाभरही बसला नव्हता.

"या ना आत," बाई म्हणाल्या.

तो आत जाऊन दाराजवळच्या पानावर बसला. मठ्ठा वाढत होते, तेवढ्यात भांडी वाजली. कोयनेचा धक्का होता, लहानसाच. टांगलेला दिवा हलला. कुणीतरी ओरडलं आणि पाहुणे जिन्याकडं धावले. क्षणात खोली रिकामी झाली. मठ्ठ्याचं भांडं हातात घेऊन बाई तिथंच उभ्या होत्या. आकारामही जागचा हलला नव्हता. पळायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं की पायच उठले नाहीत, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. तो फरशीवर तळहात टेकून बसला होता.

"थांबलं," तो थोड्या वेळानं म्हणाला. "बसा, बाई."

बाई त्याच्यासमोर बसल्या. लोक हसत, एकमेकांची चेष्टा करत वर येईपर्यंत दोघं तशीच बसून होती.

पुढं सोसायटी झाली. बाईंनी शब्द टाकला म्हणून राखणदाराची जागा आकारामला मिळाली, जिन्याखालची खोलीही मिळाली. त्यानं दोन दिवस त्या खोलीत झोपून बघितलं, पण डोळ्याला डोळा लागेना. तिसऱ्या दिवशी त्यानं खाट गाड्यांच्या मोकळ्या बाजूला आभाळाखाली टाकली. राहायला आलेल्यांना ते बरं दिसेना. येणाराजाणारा काय म्हणेल? जयराजचं नवं काम सांगलीला, विश्रामबागेत निघालं होतं. आकारामनं ट्रंक उचलली. बाईंना सांगायला गेला तर दाराला कुलूप. त्या शाळेत गेल्या होत्या. तो थोडा वेळ पायरीवर टेकला आणि मग एसटी चुकेल म्हणून निघाला.

सांगलीच्या साइटवर त्याला बाईंचं एक कार्ड आलं, पत्ता जयराजकडून घेतलेला. त्यांनी लिहिलं होतं की शेजारी चांगले आहेत, पण दारं लावलेली असतात. मुकुलचा फोन महिन्यातून एकदा येतो. परवा पुन्हा धक्का बसला, सगळे खाली गेले, मी एकटीच वर बसून राहिले. न सांगता का गेलात?

आकाराम कार्ड घेऊन दोन दिवस विचार करत होता. शेवटी फौजेत गिरवलेल्या मोठ्या अक्षरांत त्यानं उत्तर लिहिलं. "बाई, मी आलो हुतो. कुलूप हुतं. कॉलम पक्का आहे, भिऊ नये. इकडं पाया झाला." अर्ध्याहून जास्त कार्ड कोरंच राहिलं. त्यात आणखी काय घालावं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं तसंच टपालाच्या पेटीत टाकलं.

सांगलीनंतर मिरज झालं, मग इस्लामपूर. साताऱ्याला तो परत गेला नाही. बाईंची कार्डं मात्र येत राहिली, दिवाळीला एक आणि मे महिन्यात एक. दर नव्या साइटवर गेल्यावर आकाराम सगळ्यांत आधी त्यांना पत्ता कळवायचा.