विहीर खणणाऱ्याचं नाव

मुलाखतीच्या वेळी मला बाहेर बसवलं गेलं. माझ्याच आत्याच्या घराबाहेर, ओटीवर, तोंड मिटून.

काम चांगलं होतं, हे आधी सांगतो. शहरातली एक संस्था शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत होती. जोडीला ग्रामपंचायतींची जुनी दप्तरं काढून त्या आठवणी ताडून बघत होती. मी मुरबाडला राहतो, गावोगाव ओळखी आहेत, म्हणून ते माझ्याकडे आले. आत्याचं नाव मीच सुचवलं. वैशाखऱ्याच्या पुढे रस्ता सोडून आत गेलं की तिचं गाव लागतं. गावाला मे महिन्यातही पाणी देणारी एकच विहीर आहे आणि ती तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या मामांनी, चार गडी हाताशी धरून खणलेली आहे. पहारी म्हसा गावच्या जत्रेतून आणल्या होत्या. खडक लागल्यावर सुरुंग लावला आणि त्यात मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. लहानपणी मामा उरलेल्या बोटांनी विडी कशी धरतात ते मी बघत बसायचो.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. ही गोष्ट कुठेतरी लिहिली जावी, एवढंच आत्याचं मागणं होतं. मुलाखतीला येणार म्हटल्यावर तिने ओटी सारवून घेतली होती.

मुलाखत घेणारी तरुण मुलगी होती, बरोबर यंत्र सांभाळणारा एक जण. त्यांचा नियम असा की खोलीत एकाच माणसाचा आवाज. घरचे लोक मध्ये बोलतात, म्हाताऱ्या माणसाला सुचवतात, मग कोणाची आठवण खरी ते कळत नाही. मला नियम पटला. आकडा असो की आठवण, त्याला दुसऱ्याचा हात लागू नये असंच माझंही मत आहे. मी ओटीवर जाऊन बसलो.

आतलं सगळं ऐकू येत होतं. मुलीने विचारलं, "आजी, यजमानांचं नाव काय?"

मग आत्याचा आवाज माझ्या दिशेने आला, "अरे, सांग की रे."

मी उठलो. यंत्रवाल्याने दारातून मला हात दाखवला आणि ओठांवर बोट ठेवलं. मी परत बसलो. मुलगी हसून म्हणाली, "आजी, उखाणा घ्या ना मग."

"कपाळाला कुंकू होतं तवा घेतला, बाय," आत्या म्हणाली. "आता कसला घेऊ?"

मुलगी पुढच्या प्रश्नाकडे वळली.

पावसाळा संपल्यावर शहापूरला पुस्तकाचं प्रकाशन झालं. आत्याला मंचावर बोलावून शाल आणि नारळ दिला. ती खाली येऊन माझ्या शेजारी बसली, शालीची घडी मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "विहिरीचं काढ. वाच."

मी काढलं. आत्याच्या नावाखाली छापलं होतं: पतीचे नाव अज्ञात. पुढे तिच्या बोलण्याचा गोषवारा. विहीर 'ह्यांनी' खणल्याचे त्या सांगतात, आणि 'ह्यांनी'पुढे कंसात, संदर्भ अस्पष्ट. मात्र दप्तरानुसार विहिरीचे काम त्या वेळच्या सरपंचांनी करून घेतले असून त्यांच्या मुलाच्या मुलाखतीतूनही यास दुजोरा मिळतो. सरपंचांचं नाव त्या पानावर तीनदा होतं, आडनावासकट. मुलगा पहिल्या रांगेत बसला होता.

मी आत्यापासून लपवलं नाही. जे छापलं होतं ते वाचून दाखवलं.

तिने शांतपणे विचारलं, "अज्ञात म्हंजे?"

"माहीत नाही."

"कोणाला माहीत नाय?"

मी पुस्तक मिटलं. घरी जाताना जीपमध्ये ती एकच वाक्य बोलली. "माझ्याच तोंडानं मी त्यांना पुसून टाकलं रे."

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात जी आग आहे ती अजून विझलेली नाही. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. त्यात शहाणपण किती, हा वेगळा वाद आहे. पण त्यामुळे आजवर कोणाचं काही अडलेलं नाही, कारण विचारलं की शेजारचं माणूस सांगतं. दवाखान्यात मुलगी सांगते, रेशनच्या रांगेत मागची बाई सांगते, मतदानाला गावातलंच कोणी सांगतं. बाई नुसती मान हलवते आणि काम पुढे जातं. विचारणारे मराठीच होते, त्यांच्या आज्याही अशाच असणार. तरी शेजारच्या माणसाला आधी घराबाहेर काढायचं, मग बाईला नाव विचारायचं, आणि ती गप्प राहिली की लिहायचं, अज्ञात! मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं. अकरा विधवांच्या मुलाखती होत्या. नऊ जणींचे नवरे अज्ञात. पुरुषांच्या मुलाखतींत मात्र बाप, आजोबा, पणजोबा, सगळे नावागावासकट हजर. ज्याच्या मागे बोलणारा मुलगा, त्याचा इतिहास. आत्याला मूल नाही.

मी संस्थेच्या प्रमुखांना भेटायला गेलो. त्यांनी चहा सांगितला. भावना समजतात म्हणाले. पण तोंडी पुरावा आणि दप्तर दोन्ही सरपंचांकडे बोट दाखवतात, तिथे संस्था काय करणार?

दप्तर मीही पाहिलं होतं. त्यात कठड्याचा खर्च आहे. सरपंचांनी कठडा बांधून दिला हे खरंच आहे, आणि चांगला बांधला, मी ते नाकारत नाही. मी प्रमुखांना एवढंच विचारलं की कठडा कशाला बांधतात? आधी विहीर असावी लागते की नाही?

ते हसले. मग म्हणाले, दुरुस्ती करता येईल, पण पद्धत म्हणजे पद्धत. नाव मुलाखत देणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजात हवं. "आत्याबाईंना फक्त एकदा नाव घ्यायला सांगा. उखाण्यात घेतलं तरी आम्हाला चालेल."

त्यांना चालणार होतं! मी चहा तसाच ठेवून उठलो. ज्या बाईने नवऱ्याच्या जिवंतपणी त्याचं नाव उखाण्याशिवाय कधी उच्चारलं नाही, तिने आता ऐंशी ओलांडल्यावर, पांढऱ्या कपाळाने, यंत्रापुढे ते म्हणून दाखवायचं. कशासाठी, तर यांच्या पुस्तकातली यांचीच चूक यांना दुरुस्त करता यावी म्हणून.

आत्याला सांगताना मी चिडून बोलत होतो. ती तांदूळ निवडत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "तू कशाला वरडतोस? त्यांना बोलव. मी सांगीन. पण तू माझ्या चटईवर बसायचं."

ते आले. तीच मुलगी, तोच यंत्रवाला. मी चटईवर आत्याच्या शेजारी बसलो. यंत्रवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी जागचा हललो नाही, आणि आत्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मुलीला काय समजलं कोण जाणे, तिने त्याला खुणेने थांबवलं आणि माइक आमच्या दोघांच्या मध्ये धरला.

"आजी, विहीर कोणी खणली?"

"ह्यांनी."

"ह्यांनी म्हणजे कोणी?"

आत्याने माझा गुडघा दाबला. मी मामांचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं मोठ्याने सांगितलं. आत्याने पदर पुढे घेतला होता. "हां," ती म्हणाली, "तेच. दोन बोटं गेली त्यांची." मग ती विहिरीबद्दल बोलत राहिली, कोणत्या बाजूला खडक लागला, पहिलं पाणी कसं गढूळ आलं, ते सगळं. शेवटी तिने यंत्र लावून ऐकवायला सांगितलं. ऐकलं, आणि परत एकदा लावायला सांगितलं.

यंत्र पिशवीत गेल्यावर तिने मुलीला विचारलं, "आता छापतील ना?"

"पुढच्या आवृत्तीत, आजी."

"ती कधी निघंल?"

मुलीने यंत्रवाल्याकडे पाहिलं. तो वायर गुंडाळत होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलून वेळ मारून नेईन अशा आशेने.

"आत्याने तुम्हाला विचारलंय," मी म्हणालो. "मी मध्ये बोललेलं चालत नाही ना तुम्हाला?"