मालगुजाराच्या कोठीतला चहा

लेकीला पाहायला आलेल्या पाहुण्यांना मी शापित कोठीत बसवलं. मुद्दाम! माझा मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला हसताना संकोच नको.

तेव्हा मी चाळिशीची आणि अतिशहाणी. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं आमचं घर — शाप, भूत, करणी, सगळं थोतांड! गोंदिया जिल्हा नुकताच भंडाऱ्यातून वेगळा झाला होता. दिघोरीतल्या आमच्या घराच्या छपराचे कवेलू फेरायचं काम चाललं होतं, म्हणून शेजारची जुन्या जमीनदाराची, मालगुजाराची, ओसाड धानकोठी झाडून घेतली. सासू म्हणाली, "अवं, मालगुजारानं बाळंतिणीले घोटभर दूध देलं नाही. तिचा तळतळाट हाये. थ्या कोठीत दूध टिकत नाही."

"माय, आपण मानतो का असलं?" — मी.

पाहुणे लाखांदूरहून एसटीने आले. जयभीम झाला. सुनंदानं, म्हणजे माझ्या लेकीनं, कोपऱ्यात स्टोवर चहा ठेवला… फुटला, दूधच नासलं. पुन्हा ठेवला. पुन्हा फुटला! मुलाची आई भागरताबाई टक लावून बघत होती. एवढं चांगलं स्थळ, आणि पोरीला साधा चहा जमत नाही म्हणून हातचं जाणार!

"आई, सांग नं त्यांले शापाचं," सुनंदा रडवेली होऊन कुजबुजली, जरा मोठ्यानंच.

कसं सांगू? पाहुणे टेकतात न टेकतात तोच मी अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं होतं. आणि मुलगा विज्ञानाचा मास्तर… मान डोलावत होता!

शेवटी मास्तरच उठले. "गंजाले आंबट लागलं असन." चहाचं पातेलं, तो गंज, स्वतः घासला, नुसतं दूध तापत ठेवलं. तेही फुटलं. वर्गातल्या पोट्ट्यानं उलट उत्तर द्यावं, तसे ते गंजाकडे पाहत राहिले.

"आत लय गरमी होऊन राहिली," म्हणत भागरताबाईंनी स्टो उचलला आणि अंगणात मोहाच्या झाडाखाली नेऊन ठेवला. तोच गंज, चरवीत उरलेलं तेच दूध, सुनंदाचाच हात. दूध साय धरेपर्यंत उकळलं! चहा तर मास्तरांनी दोनदा मागून घेतला.

असं का झालं? जावई अजून कारणं शोधतात — भिंतीचा चुना, कोंदट हवा, जुन्या धानाची वाफ… त्यांचं त्यांनाच पटत नाही.

त्या दिवशी एसटीत चढता चढता भागरताबाईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "पोरगी पसंत हाये, इहीनबाई. शाप-गिप आमी बी मानत नाही जी. पण लग्नाची खीर बाहेरच शिजवजा."