मणेरणीचं नाव

शिवथरच्या खोऱ्यात पोर रडू लागलं की आया म्हणत, "गप, नायतर मणेरणीला देईन." पोरगी फार बडबडली की ती मणेरीण, केस पिंजारलेले दिसले की वैदीण, दोन पैशांसाठी हुज्जत घातली की बोहारीण. बांगड्या, सुया-मणी, भांडी घेऊन दारोदार फिरणाऱ्या या बायकांच्या मालाला भाव होता. नावं फुकट होती, म्हणून ती सढळ हाताने वापरली जात.

सकिना मणेरीण महाडच्या मोहल्ल्यातली. नवरा वारल्यावर बांगड्यांची टोपली तिने डोक्यावर घेतली आणि गावोगाव फिरू लागली. हात असा मऊ, की राठ मनगटातही बांगडी न दुखवता चढायची. बांगड्या भरून झाल्या की बायका वाकून तिला नमस्कार करत, तीही तोंडभरून आशीर्वाद देई. लग्नाचा चुडा तर तिच्याच हातचा हवा, असा खोऱ्यातल्या बायकांचा हट्ट असे. सकिनाला त्याचा गर्व होता, आणि तो का नसावा?

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात खोऱ्यातल्या ठकूबाईच्या लेकीचं, बनूचं लग्न निघालं. हळदीआधी चुडा भरायला सकिना ओटीवर बसली. बनूचा एक हात भरून दुसरा तिने हातात घेतला, तोच ठकूबाईची चार वर्षांची नात राही धावत आली आणि आत्याच्या गळ्याला मिठी मारून ओरडू लागली.

"आत्याला नेऊ नको! मी रडनार नाय, आजीला इचार!"

ठकूबाईचं तोंड उतरलं. पण खरी मेल्याहून मेल्यासारखी झाली ती सकिना. ज्या घरात इतकी वर्षं हात भरले, त्या घरात आपण पोरं पळवणारी बाई आहोत, हे तिला सगळ्यांदेखत कळलं. चोरी न करता चोर ठरल्यासारखी तिची मान खाली गेली. उठून जावं तर बनूचा चुडा अर्धा राहतो.

"राहू दे गो बाय," ती ठकूबाईला म्हणाली. "पोरं भितातच."

तिने चुडा पुरा भरला. बनू वाकली. ठकूबाईने नारळ-तांदूळ दिले, पण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. वाटेत सकिना ओढ्याकाठी बसून रडली.

दुसऱ्या दिवशी महाडला तिच्या दारात सुया-मणी विकणारी वैदीण आली. हाक ऐकताच सकिनाची नात महरुन्निसा दडादडा पळाली आणि कवाडामागे लपली. दुसऱ्या कुठल्याही दिवशी सकिना हसली असती. पोर जेवत नसली की वैदणीचं नाव घेऊन तिला रोज तीच भिववत होती. आज तिला उंबरा ओलांडवेना. कशीबशी ती पुढे झाली.

"राहू दे गो बाय," वैदीण म्हणाली. "पोरं भितातच."

ते बोलताना काय सोसावं लागतं, ते सकिनाला कालपासून ठाऊक होतं. तिने वैदणीला ओट्यावर बसवलं, टोपली काढली आणि तिचे दोन्ही हात भरले. बांगड्या भरून झाल्यावर वैदीण रीतीप्रमाणे नमस्काराला वाकू लागली, तशी आशीर्वाद न देताच सकिना झटकन उठून आत गेली. वैदणीने दोनदा हाक मारली, तरी ती बाहेर आली नाही.